पन्नासापैकी सोळा

कुंदा सामंत वारल्या, त्याच्या एक्केचाळिसाव्या दिवशी नापास झाल्या.

तसं रीतसर पत्रच आलं. मुलुंड पूर्वेच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्यांची मुलगी गंधाली कपाटं आवरायला बसली होती. आवरणं म्हणजे एक साडी बाहेर काढायची, मांडीवर ठेवायची आणि परत होती तिथे ठेवायची, असं दहा वाजल्यापासून चाललं होतं. तेवढ्यात पोस्टमन आला. पाकीट कुंदा सामंत यांच्या नावाचं होतं. वॉर्डाच्या साक्षरता कार्यालयाने कळवलं होतं की, आपण चालवीत असलेल्या प्रौढ साक्षरता वर्गातील सहाही जण सलग चार वर्षे चाचणीत अनुत्तीर्ण झाले आहेत. आपला निकाल शून्य टक्के असून तो विभागात नीचांकी आहे. तरी आपली अध्यापनक्षमता असमाधानकारक का समजू नये, याचा खुलासा सात दिवसांत समक्ष येऊन करावा.

‘समक्ष येऊन’ हे दोन शब्द गंधालीने सोडून दिले. सरकारी पत्रातलं सगळंच मनाला लावून घ्यायचं नसतं. पण ‘असमाधानकारक’? कुंदा सामंतांनी चौतीस वर्षं शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं होतं. ज्या मुलाला बापाने ‘हा ढ आहे, राहू द्या’ म्हणून सोडलं, त्यालाही त्या दिवाळीपर्यंत बाराखडीला आणत. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस लिहायला शिकला नाही, हे म्हणजे नळाखाली धरलेला तांब्या चार वर्षं कोरडा राहिला म्हणण्यासारखं होतं.

गंधाली पवईला एका विमा कंपनीत दावे तपासायची. माणूस खरं बोलतोय की खोटं, ते कागदावरून ओळखणं हे तिचं काम. शिवाय वाचन दांडगं. तिने त्याच दुपारी खुलासा लिहायला घेतला आणि संध्याकाळपर्यंत चार पानं लिहून काढली. त्यात शिक्षणाचा इतिहास होता, शासनाच्या धोरणावर दीड पान होतं, आणि प्रौढांना शिकवणाऱ्या माणसाचं मोजमाप निकालाच्या टक्क्यांत करू नये, असं संयमाने पण ठणकावून सांगितलेलं होतं.

“फाडून टाक,” अण्णा केळुसकर म्हणाले.

अण्णा सोसायटीचे सेक्रेटरी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणाचंही पत्र वाचायचा अधिकार प्राप्त झाला होता.

“फाडू? अण्णा, आईच्या नावाला बट्टा लागलाय.”

“बाळा, सरकारला चार पानं दिलीस की ते आठ पानांनी उत्तर देतं. खुलासा म्हणजे आपण होऊन गुन्हा कबूल करणं. तू पुढची परीक्षा मार. मार्चमध्ये आहे ना? दोन महिने आहेत. सहातले दोन जरी पास झाले तरी कुंदाताईंचा शून्य गेला. गेला की नाही?”

अण्णांचा सल्ला आजवर कुणाच्या उपयोगी पडल्याचं ऐकिवात नव्हतं, पण हा पटला. गंधालीने ऑफिसकडून दोन महिने घरून काम करण्याची परवानगी काढली आणि मुलुंडला आईच्या घरी मुक्काम हलवला. एक छोटंसं काम होतं. आईचं नाव पुसट झालं होतं, ते पुन्हा गिरवायचं.

साक्षरता कार्यालयात प्रीतम घरत नावाचा समन्वयक होता. तिशीतला, नम्र, आणि अॅपपुढे हतबल.

“मॅडम, आधी जुन्या स्वयंसेवकाला काढावं लागेल. मग तुमचं नाव चढेल,” तो म्हणाला. “कारण सांगा.”

“वारली.”

प्रीतमने स्क्रीन खालीवर केला. “ते नाहीये इथे. ‘विवाह’ आहे, ‘बदली’ आहे, ‘वैयक्तिक अडचण’ आहे आणि ‘स्थलांतर’ आहे.”

गंधालीने आयुष्यभर शब्द निवडून वापरले होते, पण असा पर्याय तिच्यापुढे कुणी ठेवला नव्हता. “स्थलांतर,” ती म्हणाली.

“नवीन पत्त्याचा पिनकोड विचारतोय.”

“काय?”

“अनिवार्य आहे, मॅडम. लाल चांदणी आहे.” त्याने तिच्याकडे पाहिलं, कसंनुसं खोकला आणि आपल्याच कार्यालयाचा पिनकोड टाकला. अॅप समाधान पावलं. मग आईच्या मोबाइलवर पडताळणीचा आकडा आला. तो फोन गंधाली रोज चार्ज करून पर्समध्ये ठेवायची. का, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी निदान कारण तरी मिळालं. “आपल्या सेवेबद्दल धन्यवाद,” असा मेसेज आला आणि कुंदा सामंत साक्षरतेच्या कामातून मोकळ्या झाल्या.

पुढचा प्रश्न गंधाली स्वतः साक्षर आहे हे सिद्ध करण्याचा होता. एम.ए.चं प्रमाणपत्र अॅपने नाकारलं. त्याला आठवी पास झाल्याचा पुरावा हवा होता.

“आठवी न होता एम.ए. कसं होणार?” गंधालीने विचारलं.

“मला पटतंय, मॅडम,” प्रीतम म्हणाला. “त्याला नाही पटत.”

आठवीचं प्रगतिपुस्तक माळ्यावर सापडलं. त्यात चित्रकलेत ‘क’ श्रेणी होती. ती आता शासनदरबारी कायमची नोंदली गेली.

सोमवारी दुपारी दोन वाजता वर्ग भरला. घराची बेल बिघडली होती, म्हणून गंधालीने दारावर ‘बेल वाजत नाही, कडी वाजवावी’ अशी चिठ्ठी लावली होती. एकेक करून सहा जणांनी कडी वाजवली. सगळ्यांत पुढे सुगंधा. सोसायटीतल्या पाच घरांत पोळ्या करायची, पन्नाशीची, बोलणं मोजकं. मग सुनंदा आणि शुभा, दोघीही घरकाम करणाऱ्या. मग एकाच घरातल्या दोघी जावा, ज्या जिन्यातून भांडत यायच्या आणि दारात आल्यावर गप्प व्हायच्या. शेवटी लवूकाका. हे सोसायटीचा पाण्याचा पंप बघायचे. साठीला आलेले, मूळचे मालवणकडचे, या वर्गातले एकमेव पुरुष, आणि म्हणून कायम दाराजवळ बसणारे.

कडी वाजवावी असं त्यांना कुणी सांगितलं होतं, हा प्रश्न दावे तपासणाऱ्या गंधालीला पडला नाही. दुःखात माणसाचं इतकं लक्ष कुठे असतं?

तिने फळ्यावर ‘घर’ लिहिलं. “हे काय आहे?”

सहा जण फळ्याकडे असे पाहू लागले की जणू तिथे ढग आला आहे.

“सुनंदाताई?”

“झाड?” सुनंदा म्हणाली.

“लवूकाका?”

लवूकाकांनी पुस्तक उलटं धरलं होतं. ते त्यांनी आणखी उलटं केलं, त्यामुळे सुलट झालं, त्यामुळे ते दचकले आणि पुन्हा उलटं केलं. “माका काय समाजना नाय, ताई,” ते म्हणाले. “माझां डोक्यांच दगड.”

आठवडाभर हे चाललं. ‘घर’चं कधी झाड झालं, कधी पाणी. एकदा शुभा अवघडून ‘घ…’ म्हणाली तर सुगंधाने तिच्याकडे असं पाहिलं की तिने तो ‘घ’ गिळून टाकला. गंधाली स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून दोन मिनिटं उभी राहायची आणि परत यायची. आईने चार वर्षं हे सोसलं? आणि फोनवर रोज म्हणायची, “वर्ग काय, मस्त झाला आज!”

शेवटी दुसऱ्या मजल्यावरची रुचिरा मदतीला आली. ती अठरा वर्षं कोचिंग क्लास चालवत होती.

“तू इमोशनल होऊन शिकवतेयस गं,” रुचिरा म्हणाली. “हे असं नाही होत. आधी टेस्ट घे. माणूस कुठे उभा आहे ते कळायला नको? मी पेपर काढते. झकास काढते बघ.”

तिने पेपर काढले. शिवाय कॉपी होऊ नये म्हणून दोन वेगळे संच काढले आणि सहा जणांना सहा कोपऱ्यांत बसवलं. दोघी जावांपैकी धाकटीला तर गॅलरीत, कपड्यांच्या दांडीखाली बसवलं. वाचन, लेखन आणि गणित, प्रत्येकी पन्नास गुण. खऱ्या परीक्षेत प्रत्येक विभागात सतराला पास.

पेपर तपासून रुचिरा वर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

“सगळ्यांना सोळा.”

“सगळ्यांना?”

“तिन्ही विभागांत. सोळा, सोळा, सोळा. आणि अगं, चुकासुद्धा वेगवेगळ्या! कॉपी असती तर मी पकडली असती. माझ्या क्लासमधून एक चिठ्ठी आजवर बाहेर गेलेली नाही. गंधाली, मला हे बरोबर वाटत नाहीये.”

गंधालीने प्रीतमकडून मागच्या चार वर्षांच्या गुणपत्रिका मागवल्या. तिथेही तेच. सोळा, सोळा, सोळा. तिसऱ्या वर्षी फक्त लवूकाकांना गणितात पंधरा होते. अण्णांनी चष्मा लावून तो तक्ता बघितला आणि म्हणाले, “हा वास्तुदोष आहे. फळा नैर्ऋत्येला आहे.”

रुचिरा म्हणाली की काही विद्यार्थी एका ठिकाणी येऊन अडकतात, त्यांना फक्त एक धक्का लागतो. गंधालीला तेच खरं वाटलं. एक मार्क! सहा माणसांना तीन विषयांत एकेक मार्क वाढवून मिळाला की आईचं नाव राहतं. त्यासाठी तिने फळ्याची दिशा बदलली, रंगीत तक्ते लावले, शेंगदाण्याचे लाडू ठेवले. एका मार्कासाठी तिने जेवढं केलं तेवढं आईने तिच्या दहावीला केलं नव्हतं. रुचिराने पुन्हा टेस्ट घेतली. सोळा.

परीक्षेला आठ दिवस राहिले तेव्हा गंधालीचा धीर सुटला. तिने ते पत्र काढलं आणि सहा जणांपुढे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. ‘असमाधानकारक’ला तिचा आवाज थोडा चिरकला, बाकी नीट वाचलं.

सुगंधाने हातातलं पुस्तक मिटलं.

“बाईंना नापास केलं?” सुगंधा म्हणाली. “त्यांना कशाला? परीक्षा तर आम्ही देतो.”

“तुमचा निकाल तोच शिकवणाऱ्याचा निकाल, सुगंधाताई. फाइलीत आता कायमचं तसंच राहणार. चौतीस वर्षं शिकवलं तिने, आणि शेवटचा शेरा हा.”

सहा जणांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघी जावांनीसुद्धा एकमेकींकडे पाहिलं, हे विशेष.

“हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही,” सुगंधा सावकाश म्हणाली. “ताई, किती मार्क पायजेत?”

“पास व्हायला सतरा.”

“तसं नाय. बाईंचं नाव राहायला किती पायजेत?”

गंधालीने डोळे पुसले आणि आयुष्यातलं सर्वांत महागात पडलेलं वाक्य उच्चारलं. “जितके जास्त, तितकं बरं.”

परीक्षा रविवारी होती, जवळच्याच एका शाळेत. वेळ तीन तासांची. गंधाली फाटकाबाहेर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती. अर्ध्या तासात सहाही जण बाहेर.

“सोडून आलात?” तिच्या हातून बाटली पडली.

“झाला,” लवूकाका म्हणाले. “सोपो व्हतो.”

निकालाला महिना लागला. तोपर्यंत वर्गाला सुट्टी होती. निकाल सांगायला प्रीतमचा फोन आला तेव्हा तो कुजबुजत बोलत होता, म्हणजे जवळपास कुणीतरी ऐकत असावं. “मॅडम, सगळे पास. सहाच्या सहा.”

गंधाली खुर्चीत बसली. भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाहिलं. “किती मिळाले?”

“दीडशे.”

“सहा जणांचे मिळून?”

“प्रत्येकाला. दीडशेपैकी दीडशे. विभागात पहिले सहा नंबर तुमचेच. मॅडम, वाट लागलीय. वरून चौकशी लागलीय. सामुदायिक कॉपी.”

शून्य टक्के हा कलंक वाटला होता, पण तो किती सोज्वळ होता हे गंधालीला आता समजलं. शून्यावर कुणी पोलिसी प्रश्न विचारत नाही. सोसायटीत बातमी जिन्याने वर गेली आणि लिफ्टने खाली आली. रुचिराने सांगितलं, “मी फक्त पेपर काढले होते हां, हे लक्षात ठेव.” अण्णांनी सांगितलं, “मी म्हटलं होतं दोन पास कर. सहा कर म्हटलं होतं का?”

चौकशीला विस्तार अधिकारी चंद्रप्रकाश साटम आले. जाडजूड माणूस, बगलेत फाइल. मागे प्रीतम. अण्णा स्वतःची खुर्ची घेऊन आले आणि ‘सोसायटीतर्फे’ म्हणून बसले. सहा विद्यार्थी भिंतीला टेकून.

साटमांनी पिशवीतून त्या दिवशीचं वर्तमानपत्र काढलं आणि लवूकाकांपुढे धरलं. “वाचा.”

लवूकाकांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि अग्रलेख वाचायला सुरुवात केली. स्वल्पविरामाला थांबत, पूर्णविरामाला श्वास घेत, उपरोधाच्या जागी भुवई उंचावत. मालवणी बोलणारा तो माणूस आकाशवाणीवरून बातम्या द्याव्यात तसा वाचत होता. संपल्यावर म्हणाला, “खालचो पण वाचू? खालचो बरो असता.”

साटमांच्या हातातलं पेन खाली आलं. गंधालीच्या तोंडाचा आ झाला होता. तो तिने मिटला, पण परत उघडला.

“दोन महिन्यांत?” साटमांनी विचारलं.

“नाय हो,” सुनंदा भाबडेपणाने म्हणाली, “पाच महिन्यांत. पण त्याला झाली की चार वर्षं.”

सुगंधाने तिला कोपराने ढोसलं, पण उशीर झाला होता.

“म्हणजे चार वर्षं तुम्हाला वाचता येतं,” साटम एकेक शब्द ठेवत म्हणाले. “आणि चार वर्षं तुम्ही नापास होताय. सोळा-सोळा गुण मिळवून.”

“सोळा सोपे नव्हते, साहेब,” शुभा जरा दुखावून म्हणाली. “आधी सगळं सोडवायचं, मग कुठे किती चुकवायचं ते मोजायचं. लवूकाकांचं एकदा चुकलं तर बाई रागावल्या.”

“माझो हिशोब चुकलो,” लवूकाका खाली मान घालून म्हणाले. “पंधरा पडले.”

“बाई रागावल्या?” गंधालीचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा आला.

“बाईंनीच शिकवलं ना ते,” सुगंधाने आता लपवायचं सोडून दिलं. “म्हणायच्या, फार कमी पडले तर म्हणतील इथे काही शिकवत नाहीत, वर्ग बंद करा. सतरा पडले तर पास, तरी वर्ग बंद. सोळा पडले की ‘सुधारणेस वाव’. वर्ग चालू.”

हे वाक्य गंधालीपर्यंत पोहोचायला वेळ लागला. ती तिसरीत होती तेव्हा गणिताच्या पेपरात बेरीज चुकून तिला एक गुण जास्त पडला होता. आईने तिला हाताला धरून परत शाळेत नेलं होतं, वर्गशिक्षिकेसमोर तो गुण कमी करून घेतला होता आणि गंधालीचा पहिला नंबर गेला होता. घरी येताना आई म्हणाली होती, “आता कसं हलकं वाटतं की नाही?” वाटलं नव्हतं. त्या आईने सहा माणसांना चोख नापास व्हायचं शिक्षण दिलं? शाळेतला उरलेला खडूसुद्धा परत ठेवणाऱ्या बाईने?

“माझी आई असलं करणार नाही,” ती उभी राहून म्हणाली. “साहेब, मी रोज खोटे दावे तपासते. हे सगळे ठरवून बोलताहेत.”

साटमांनी फाइल उघडली. “हे वर्गाचे मासिक अहवाल. अक्षर तुमच्या आईचं?”

गंधालीने पाहिलं. खाली सही आईची होती, ओळीच्या खाली घसरलेली. वर गोल, वळणदार, अनोळखी अक्षरात लिहिलं होतं: ‘शुभा हिला अद्याप अक्षरओळख नाही. प्रयत्न सुरू आहेत.’

“नाही. हे अक्षर कुणाचं?”

“माझं,” शुभा म्हणाली.

अण्णांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. इतकी चांगली सभा सोसायटीत बऱ्याच दिवसांत झाली नव्हती.

“ही शासनाची फसवणूक आहे,” साटम फाइल मिटत म्हणाले. “असाक्षर नसलेले लोक असाक्षर म्हणून चार वर्षं दाखवले. मला तसं लिहावं लागेल. तुमच्या आईंच्या नावावर.”

गंधाली खाली बसली. तीन महिन्यांपूर्वी आईचं नाव ‘असमाधानकारक’ होतं. तिने जीव तोडून प्रयत्न केले आणि ते ‘फसवणूक’पर्यंत आणलं.

“पण का?” तिने सुगंधाला विचारलं. “का करायला सांगितलं तिने?”

सुगंधा भिंतीकडे बघत राहिली. “बाईंना शब्द दिलाय.”

“सुगंधाताई, ती नाहीये आता.”

“म्हणून काय झालं?”

शेवटी दाराजवळून लवूकाका उठले. “मी सांगतंय. बाई माका रागावतीत ता मी बघून घेईन. ताई, बाईंका वाचूक येय नाय.”

“काय बोलताय काका?”

“डोळे गेले व्हते बाईंचे. मधोमध काळो डाग. माणूस दिसा, भांडी दिसत, जिनो दिसा. अक्षर काय ता दिसा नाय. पहिल्या परीक्षेच्या आधी आठ दिवस डॉक्टराकडसून इल्यो, थयच बसल्यो, आणि पेपर माझ्याकडे दिल्यानी. म्हणाल्यो, लवू, वाच.”

मग सुगंधा बोलली, कारण अर्धवट सांगणं तिला पटत नसावं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे परत यायचं नाही. त्या दिवसापासून वर्गात शिकवणं बंद झालं आणि वाचन सुरू झालं. दोन ते चार. पहिल्यांदा पेपर, मग पुस्तक. पाळीपाळीने वाचायचं, बाई डोळे मिटून ऐकायच्या, चुकलं की न बघता सुधारायच्या. पण लोकांच्या स्वयंपाकघरातून दुपारी दोन तास सुटायला सरकारी वर्गाचा कागद लागतो. पोळ्यावालीला ‘पुस्तक वाचायला जाते’ म्हणून कोण सोडतं? पास झालं की नाव कमी, कागद गेला, दुपार गेली. म्हणून सोळा.

“मला का नाही सांगितलं?” गंधाली म्हणाली. हा प्रश्न तिने सुगंधाला विचारला नव्हता, पण उत्तर सुगंधानेच दिलं.

“तुम्ही त्यांना पवईला नेलं असतं. आणि पुस्तकं आणायची थांबवली असती.”

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गंधाली दोन पुस्तकं घेऊन यायची. मग पंधरा दिवस फोनवर चर्चा. आईची मतं गेल्या काही वर्षांत फार धारदार झाली होती. ‘हा लेखक स्वयंपाकघरात कधी गेलेला दिसत नाही’ असं एकदा म्हणाली होती. एकदा एका मोठ्या गाजलेल्या कादंबरीच्या नायकाला ‘मेल्याला एकदा पंपावर उभा करायला पाहिजे’ म्हणाली, तेव्हा गंधाली हसून हसून लोळली होती. आता तिने लवूकाकांकडे पाहिलं. मग सुगंधाकडे. चार वर्षं ती आईशी पुस्तकांबद्दल बोलत होती, आणि पलीकडे सात जण होते.

मेसेजही आई टाइप करायची नाही, आवाजात पाठवायची. गंधालीला वाटायचं, आळस.

साटमांनी पेन उघडलं, बंद केलं.

“मला काहीतरी लिहावं लागणार,” ते म्हणाले, पण आता आवाज सरकारी नव्हता. “खरं लिहिलं तर फसवणूक. कॉपी लिहिलं तर या लोकांची प्रमाणपत्रं रद्द.”

“साहेब, तिसरं एक आहे,” प्रीतम हळूच म्हणाला. “जुन्या स्वयंसेविकेला शिकवणं जमलं नाही. नव्या स्वयंसेविकेने दोन महिन्यांत शिकवलं. कागदावर तेच दिसतंय. सगळ्या तारखा जुळतात.”

सगळ्यांनी गंधालीकडे पाहिलं.

ज्यासाठी दोन महिने धडपड केली ते नेमकं उलट तिने आता मान्य करायचं होतं. आई नापास. आणि ज्या सहा जणांना तिने ‘घर’ हा एक शब्दही शिकवला नव्हता, त्यांचं श्रेय तिला.

तिने फोटोकडे पाहिलं नाही. “नापास राहू दे आईला,” ती म्हणाली. “मेहनतीने झालीय.”

साटमांनी ओळ लिहिली. मग थोडं थांबून आणखी एक लिहिली: नवसाक्षरांचा सराव सुटू नये म्हणून सदर ठिकाणी दुपारचा वाचनवर्ग चालू ठेवण्यास हरकत नाही. “असा नियम आहे,” ते कुणाच्या डोळ्यांत न बघता म्हणाले. “कुणी वापरत नाही, पण आहे.”

इथे सगळं मिटायला हवं होतं. पण शून्यावरून शंभर टक्क्यांवर गेलेला वर्ग सरकार असं सहज सोडत नाही. पंधरा दिवसांनी गंधालीला विभागातल्या सर्वोत्कृष्ट स्वयंसेविकेचा सन्मान जाहीर झाला. सभागृहात शाल आली, श्रीफळ आलं. निवेदिका माइकवर म्हणाली, “ज्यांच्या मातोश्रींना चार वर्षांत जे साधलं नाही, ते या लेकीने अवघ्या साठ दिवसांत करून दाखवलं!” टाळ्या कडाडल्या. अण्णा तर उभे राहून वाजवत होते. सहा विद्यार्थी पहिल्या रांगेत होते आणि लवूकाका तोंडात रुमाल कोंबून हसत होते.

“मॅडम, आपली अध्यापनाची पद्धत थोडक्यात सांगाल?” निवेदिकेने माइक पुढे केला.

गंधालीने तोंड उघडलं. आयुष्यभराचं वाचन, दोन पदव्या, खुलाशाची चार पानं, यांतलं एकही वाक्य मदतीला आलं नाही. “माझी काही पद्धत नाही,” ती म्हणाली.

“किती हा विनय!” निवेदिका म्हणाली, आणि पुन्हा टाळ्या.

दुसऱ्या दिवशी, दुपारी दोन वाजता, सगळे आले. फळा भिंतीला तोंड करून ठेवला होता. सुगंधाने कपाटातून एक पुस्तक काढलं. गंधालीने आईला आणून दिलेलं शेवटचं. एकशे बाराव्या पानावर बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं होतं.

“इथवर झालं होतं,” सुगंधा म्हणाली. “पुढचं आम्ही कुणीच वाचलं नाही. बरं दिसलं नसतं. तुम्ही बसता, ताई?”

गंधाली आईच्या खुर्चीत बसली. लवूकाकांनी चष्मा लावला, पुस्तक हातात घेतलं आणि मग राहवेना म्हणून विचारलंच.

“ताई, तुम्ही आणलास म्हणजे वाचलाच असतलास. तो घराक परत येता काय नाय?”

गंधालीने ते पुस्तक दोनदा वाचलं होतं. दुसऱ्यांदा शेवटचं पान वाचून पवईच्या तळ्याकाठी एक चक्कर मारून आली होती. तो परत येतो की नाही, कधी येतो, दारात कोण उभं असतं, सगळं तिला पाठ होतं.

“नाही हो काका,” ती म्हणाली. “मी नाही वाचलेलं. मला काहीच माहीत नाही.”

सुगंधाने चष्म्यावरून तिच्याकडे एकदा पाहिलं. काही येत नसल्याचं सोंग कसं करतात, हे सुगंधाला शिकवायची गरज नव्हती, आणि गंधालीचं सोंग अगदीच कच्चं होतं. सोळासुद्धा मिळाले नसते.

“वाचा, लवूकाका,” सुगंधा म्हणाली. “ताईंना ऐकायचंय.”